मोठ्यानं वाचा

शाळेत नोकरी करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. पावसाळ्यात स्कूटीच्या मडगार्डमध्ये चिखल साचतो तसे ते साचत जातात. रोज थोडा थोडा, आणि एक दिवस चाक फिरेनासं होतं.

मी दहावीला गणित शिकवते. राहते गोंदियाजवळच्या गोरेगावला, शाळा मात्र आत, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात. मधल्या सुट्टीत डबा उघडणारे आम्ही तिघं: हेडमास्तर पटले सर, इंग्रजीचे शेंडे सर आणि मी. गेल्या वर्षी शाळा उघडायच्या वेळी पटले सर गोंदियाला कसल्याशा ट्रेनिंगला जाऊन आले. परत आले ते वेगळेच होऊन.

"आपल्या पोरांना बुद्धी आहे," ते म्हणाले. "सवय नाही. यंदा आपण अभ्यासाची सवय लावायची."

शेंडे सर चहा पीत होते. त्यांनी कप खाली न ठेवता विचारलं, "कोणाले?"

पुढचं सगळं त्या एका वर्षातलं. हसू आलं तर खुशाल हसा. मार्चपर्यंत आम्हीही हसत होतो.

* * *

पहिली सवय वेळापत्रकाची. धानाची रोवणी आटोपली, वर्गात जरा पोरं दिसू लागली, तसं सरांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं घरचं टाइमटेबल तयार करायचं, भिंतीला लावायचं आणि तसंच वागायचं. आठवड्याभरात सगळ्यांनी करून आणलं. पटले सर इतके खूश की त्यांनी स्वतः एकेक वाचायला घेतलं. तिसऱ्या-चौथ्या कागदावर त्यांचा चेहरा बदलला.

सगळ्या वर्गाचं टाइमटेबल एकच होतं. उठणे, आंघोळ, अभ्यास सगळं सारखं. आणि प्रत्येकाच्या कागदावर: "पाच ते सहा, बकऱ्या आणणे."

आता वैष्णवीच्या वडिलांचं किराणा दुकान. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी बकरी पाळली नसेल. शेंडे सरांनी तिला उभं केलं.

"तुझ्याकडे बकऱ्या आहेत?"

"नाही सर."

"मग पाच ते सहा काय करतेस?"

"काही नाही सर. बसून राहतो. बकऱ्यांचा टाइम आहे ना तो."

मूळ टाइमटेबल कोणाचं, ते शोधायला फार वेळ लागला नाही. ते दामिनीचं होतं. पहिल्या बाकावर बसणारी, बोलायला सांगितलं तरच बोलणारी. तिच्याकडे खरंच बकऱ्या होत्या, आणि पाच ते सहा ती खरंच त्या आणायला जात होती. अख्ख्या वर्गात स्वतःचं आयुष्य कागदावर लिहिलेली ती एकटी.

त्याच आठवड्यात तिचे वडील सुखराम शाळेत आले. आमच्या समोर उभं राहून त्यांनी शांतपणे सांगून टाकलं, "मॅडम, मोठीले शिकवलं, नापास झाली, आता मिरचीवर जाते. हिचंही तसंच. पास झाली त गोरेगावले अकरावीत टाकतो, माझा शब्द आहे. नापास झाली त थंडीत बहिणीसंग पाठवतो."

मिरचीवर जाणं म्हणजे काय ते आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. धान निघालं की टोळ्या तेलंगणात मिरची तोडायला जातात, त्या उन्हाळ्यातच परततात. दामिनीची मोठी बहीण पहिल्यांदा जाऊन आली तेव्हा मला भेटायला आली होती. नमस्कार करताना तिनं तळवे एकमेकांना टेकवले नाहीत. बोटं अजून जळत होती म्हणे.

वडील गेल्यावर दामिनी माझ्या टेबलाजवळ आली. "मॅडम, पस्तीस मार्क म्हणजे किती गणितं?"

मी तिला सांगितलं, बीजगणित सोड. भूमितीची प्रमेयं धर. तीच तुला तारतील.

* * *

दुसरी सवय जागेची. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की मुलाला घरात अभ्यासाचा स्वतःचा कोपरा पाहिजे. पालकसभेत सरांनी हे इतकं कळवळून सांगितलं की आयांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा दिवसांनी आम्ही घरभेटीला निघालो.

आशिषच्या घरी गेलो तर खरोखर कोपरा! शेणानं सारवलेला, पुढे रांगोळी, चौरंगावर नवं कापड, त्यावर पुस्तकांची चळत आणि शेजारी अगरबत्ती. पटले सरांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही निकाल लागलाच. त्यांनी आशिषच्या आईला हात जोडले.

"आणि आशिष कुठाय? दिसत नाही."

"बाहेर खेळते जी."

"अभ्यासाला कधी बसतो इथं?"

आशिषच्या आईला ते विचारणंच पटलं नाही. "इथं कायले बसू द्यीन जी? पोट्टं खराब करते ना जागा."

परतीच्या वाटेवर शेंडे सर एकच वाक्य बोलले. म्हणाले, "चला, पुस्तकं तरी सुखात आहेत."

* * *

मोबाइलचा किस्सा लहान आहे, पण सांगायलाच हवा. सरांनी वर्गाचा ग्रुप काढला. रोज संध्याकाळी सात वाजता सर मेसेज टाकणार, "मोबाइल बाजूला ठेवा." पोरांनी मोबाइल बाजूला ठेवायचा आणि पुरावा म्हणून तसा फोटो पाठवायचा.

सात वाजले की ग्रुपवर फोटोंचा पाऊस. खाटेवर ठेवलेला मोबाइल, फ्रिजवर ठेवलेला मोबाइल, धानाच्या पोत्यावर ठेवलेला मोबाइल. त्याखाली "ठेवला सर", "मी पण ठेवला सर", "निखिलनं नाही ठेवला सर". मग निखिलचं उत्तर. मग त्यावर हसणारी तोंडं. जेवणं होईपर्यंत ग्रुप गाजत राहायचा.

शेंडे सरांनी एके दिवशी वर्गात निखिलला विचारलं, "मोबाइल बाजूला ठेवला, तर फोटो कशानं काढला रे?"

"दुसऱ्या मोबाइलनं, सर."

"मग तो?"

"तो ठेवाचं तुम्ही म्हटलं नव्हतं."

पटले सरांनी त्या संध्याकाळपासून मेसेज टाकणं बंद केलं. पोरं मात्र पुढे आठवडाभर सात वाजता फोटो टाकत होती. एक सवय लागली म्हणायची.

* * *

माझीही फजिती सांगते, नाहीतर म्हणाल मॅडम दुसऱ्यांचंच सांगतात. सरावाची सवय माझ्याकडे होती. मी सरावाच्या प्रश्नपत्रिका तयार केल्या, सोडवून घेतल्या, घोटून घेतल्या. पोरं भराभर सोडवायला लागली. मी घरी नवऱ्याला सांगितलं की यंदा बघा तुम्ही.

पूर्वपरीक्षेला मी त्याच प्रश्नपत्रिका दिल्या, फक्त आकडे बदलले. तपासायला बसले. सगळ्या वर्गाची उत्तरं जुन्या आकड्यांची. पद्धत सुंदर, अक्षर सुंदर, उत्तराखाली दोन रेघा. सगळं चूक.

निखिलला बोलावलं. "अरे, प्रश्नात बाजू सात दिली आहे. तू पाच कुठून आणलीस?"

तो माझ्याकडे दुखावल्यासारखा बघत राहिला. "मॅडम, आम्ही मेहनत करून पाठ केलं. तुम्ही प्रश्नच बदलवून टाकला."

दामिनीचा पेपर शेवटी निघाला. तिनं पाच नव्हते लिहिले. तिनं काहीच लिहिलं नव्हतं. फक्त एका प्रमेयाची आकृती काढली होती, पट्टीनं, अगदी नेटकी, आणि खाली "पक्ष" असं लिहून पुढची सगळी जागा कोरी. घरी वाचायला बसते का म्हणून मी विचारलं. म्हणाली, "बसतो मॅडम. पण डोळ्यानं वाचलं त राहतच नाही. पान उलटलं का गेलं."

त्या दिवशी मी डबा न खाता घरी नेला.

* * *

फेब्रुवारीत शेवटची पालकसभा झाली. पटले सरांचा आवाज बसला होता, पण उत्साह बसायला तयार नव्हता. टेबलावर हात आपटून ते म्हणाले, "दोनच गोष्टी करा. पोरांना पहाटे चारला उठवा. आणि मोठ्यानं वाचायला लावा. शेजाऱ्याला ऐकू गेलं पाहिजे!"

पालकांनी माना डोलावल्या. वर्षभर ते असेच माना डोलावत आले होते, त्यामुळे आम्हाला काही वाटलं नाही. पण या वेळी त्यांनी ऐकलं.

त्या वर्षी मोह लवकर गळायला लागला होता. मोहफूल पहाटे गळतं आणि उजाडताना वेचावं लागतं. उशीर केला तर गुरं खातात, हरणं खातात. घरात जितके हात तितकी फुलं, आणि वाळवून विकली की तितके पैसे. आणि बोर्डाची परीक्षा आमच्याकडे दरवर्षी नेमकी या फुलांवर येऊन पडते.

आठ दिवसांत माझ्या जादा तासाला वर्गच्या वर्ग डुलक्या घेऊ लागला. वैष्णवी सोडली तर सगळ्यांच्या बोटांना मोहाचा वास.

"चारला उठता ना?"

"हो मॅडम," सगळे एका सुरात.

"मग वाचता काय?"

निखिल म्हणाला, "मोह्याले जातो मॅडम. उठलोच आहो त."

त्याचे वडील आठवडी बाजारात पटले सरांना भेटले. भर बाजारात सरांच्या पायाला हात लावला. "सर, तुमचे उपकार आहेत. आगुदर हा पोट्टा उठतच नव्हता."

सर दुसऱ्या दिवशी शाळेत आले आणि खुर्चीत बसून राहिले. शेंडे सरांनी आपला चहा त्यांच्यापुढे सरकवला.

* * *

आता दामिनीचं.

तिलाही घरचे चारला उठवून जंगलात नेत होतेच. पण माझ्या तासाला ती डुलक्या घेत नव्हती. उलट एके दिवशी मी फळ्यावर आकृती काढायला वळले आणि मागून तिनं पायथागोरसचं प्रमेय म्हणायला सुरुवात केली. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. एका दमात, मोठ्यानं, एकही पायरी न चुकता. सगळा वर्ग जागा झाला.

"कधी केलंस हे?"

"मोह्याखाली, मॅडम."

मला खरं वाटेना. रविवारी पहाटे मी स्कूटी काढली आणि गेले. गावाबाहेर जंगलाच्या तोंडाशी मोहाची झाडं आहेत. वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाचोळा जाळून जमीन काळी केलेली, त्यावर फिकट पिवळी फुलं, आणि टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका. मधोमध दामिनी उभी. एका हातात भूमितीचं पुस्तक, दुसऱ्या हातात बॅटरी. आणि ती घसा फोडून ओरडत होती, "समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर..."

तिची आई पार्बताबाई मला बघून कमरेवर हात देत सरळ झाली.

"तिले वेचाले नाही लावत जी मॅडम. तिले वाचालेच आणतो."

"वाचायला? इथं?"

"वाघ फिरून राहिला ना जी इकडे. फॉरेस्टचा गार्ड म्हणते, आवाज करत राहा, मंग येत नाही तो. आगुदर डबा वाजवत होतो. पण डबा वाजवाले एक हात जाते. पोरगी वाचते त दोन्ही हात मोकळे."

मागून एक म्हातारी म्हणाली, "सरच म्हणे ना, मोठ्यानं वाचा म्हणून."

मी तिथं उभी राहून हसले. खरं सांगायचं तर हसण्यापेक्षा मला आनंदच झाला होता. वर्षभर ट्रेनिंग, टाइमटेबल, कोपरा, ग्रुप, सगळं करून आम्हाला जे जमलं नाही ते एका वाघानं करून दाखवलं होतं. रोज पहाटे, न चुकता, उजाडेपर्यंत. थांबली तर बायका ओरडायच्या, "वाच वं माय, वाच!" असा अभ्यास आमच्या शाळेच्या इतिहासात कोणी केला नसेल.

दामिनीनं मला त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून सांगितलं, "मॅडम, आता मले सगळं येते."

मी पटले सरांना सोमवारी ही गोष्ट सांगितली. त्यांनी स्वतःच्या खिशातून सगळ्या स्टाफला चहा पाजला.

* * *

भूमितीच्या पेपरला मी गोरेगावच्या केंद्राबाहेर उभी होते. फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथं. इतर पोरं धावत आली, प्रश्न सांगू लागली. पायथागोरसचं प्रमेय आलेलं होतं. मी मनात म्हटलं, झालं. सुटली पोरगी.

दामिनी सगळ्यात शेवटी आली. हळूहळू चालत.

"आलं होतं ना गं?"

"आलं होतं मॅडम."

"लिहिलंस?"

तिनं मान हलवली. नाही.

"येत होतं मॅडम. पण मनातल्या मनात निघतच नव्हतं. मी हळूच म्हणून पाहिलं त सर म्हणे, बोलू नको. ओठ हलवले त म्हणे, पुन्हा बोललीस त पेपर घेईन. मंग मी तोंड दाबून बसलो."

त्या सरांना मी काय दोष देऊ? मी पर्यवेक्षक असते तर मीही तेच केलं असतं.

"आता म्हण बरं," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

तिनं पॅड छातीशी धरलं आणि रस्त्यावर उभी राहून म्हणायला लागली. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. टपरीवरची माणसं ग्लास हातात धरून बघत राहिली. एस.टी.ची वाट बघणारी बघत राहिली. शेवटच्या पायरीपर्यंत एक अक्षर चुकलं नाही. मला तिथं, भर रस्त्यात, रडू आलं. दामिनी रडली नाही. तिनं मलाच विचारलं, "मॅडम, मार्क भेटतील का थोडे? आकृती काढली आहे मी."

निकालात ती सगळ्या विषयांत पास होती. गणितात राहिली.

सुखरामभाऊंकडे मी दोनदा जाऊन आले. फेरपरीक्षा आहे म्हणून सांगितलं. फेरपरीक्षा आली ती ऐन रोवणीत. रोवणीच्या दिवसांत हाती आलेली पोर परीक्षेला पाठवणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. "मी शब्द पाळला असता मॅडम," ते म्हणाले. "ती पास नाही झाली."

पटले सर यंदा पुन्हा ट्रेनिंगला जाऊन आले. आल्यावर त्यांनी काही जाहीर केलं नाही. कपाट उघडलं, फाइल आत ठेवली, कुलूप लावलं.

* * *

शेवटचा किस्सा परवाचा आहे.

यंदाच्या दहावीला पायथागोरसचं प्रमेय मी अख्ख्या वर्गाला विचारलं होतं. एकालाही धड येईना. म्हणून सकाळचे जादा तास लावले आणि पहाटे अंधारातच गोरेगावहून निघाले. जंगलाच्या तोंडाशी आले तर मोहाचा वास. आणि मग आवाज ऐकू आला. मी स्कूटी बंद केली.

एक बाई ओरडत होती आणि तिच्या मागून दहा-बारा जणी एका सुरात ओरडत होत्या.

"काटकोन त्रिकोणात!"

"काटकोन त्रिकोणात!"

"कर्णाचा वर्ग!"

"कर्णाचा वर्ग!"

मी आत गेले. त्याच झाडाखाली, त्याच काळ्या जमिनीवर बायका वाकून फुलं वेचत होत्या. कोणाच्या हातात पुस्तक नव्हतं, बॅटरी नव्हती. पुढे सांगत होती ती पार्बताबाई, दामिनीची आई, जिला सहीच्या जागी अंगठा लावताना मी स्वतः पाहिलं आहे. पक्ष झाला, साध्य झालं, रचना झाली. सिद्धतेच्या शेवटच्या पायरीपर्यंत ती न अडखळता गेली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार तोच तिला मी दिसले.

"बराबर आहे ना जी, मॅडम?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. मग विचारलं, "दामिनी?"

"गेली ना जी मिरचीवर. तिच्या बहिणीसंग."

"मग हे अजून कशाला म्हणता, पार्बताबाई?"

तिनं टोपली उचलून कमरेवर घेतली आणि जंगलाकडे बघितलं.

"पोरगी गेली जी मॅडम. वाघ त गेला नाही ना."